बाहेरचं माप

पुठ्ठेसाहेबांना नुसतं घर बदलायचं नव्हतं, त्यांना घर बदलून दाखवायचं होतं. या दोन गोष्टींत केवढा फरक असतो ते त्यांच्या बायकोला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, आणि मुलीला कळत्या वयात. स्वतः साहेबांना ते कळायचं राहून गेलं होतं, कारण ते कायम गडबडीत असत.

पुठ्ठेसाहेब हे अर्थात लोकांनी ठेवलेलं नाव. त्यांचा खोकी बनवण्याचा छोटा कारखाना होता. पन्हळी पुठ्ठ्याविषयी ते अशा कौतुकाने बोलत, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ आपल्या गुणी मुलाचं प्रगतिपुस्तक वाचून दाखवतोय. एका मोठ्या सामान हलवणाऱ्या कंपनीच्या खरेदीप्रमुख बाईंच्या मागे ते वर्षभर लागले होते. शेवटी बाई कंटाळून म्हणाल्या, "ठीक आहे, तुमची खोकी कुठे वापरात असतील तर मी एकदा प्रत्यक्ष बघते."

साहेबांनी फोन ठेवला आणि घरात जाहीर केलं, "आपण घर बदलतोय!"

"ते तर बदलतोयच," बायको म्हणाली. "नव्या घराची किल्ली येऊन पडलीय."

"तसं नव्हे. आता आपण ते बाईंच्या समोर बदलतोय!"

ही ऑर्डर मिळाली तर कारखान्यातलं नवं मशीन फिरणार होतं. नाही मिळाली तर ज्याने ते विकलं तोच येऊन परत घेऊन जाणार होता. तसं ठरलंच होतं, आणि तो माणूस हल्ली रस्त्यात भेटला की साहेबांपेक्षा मशीनच्याच तब्येतीची चौकशी जास्त करायचा.

या प्रसंगासाठी साहेबांनी खास खोकं तयार केलं. त्याचं नाव 'एकमेव'. सगळ्या घराला एकच माप, हा त्यामागचा सिद्धान्त. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही सारख्या, म्हणजे मजुराने कसंही धरलं तरी चुकायचा प्रश्नच नाही. नव्या इमारतीत जाऊन त्यांनी लिफ्टचं दार स्वतः मोजून आणलं होतं. दार सत्तर सेंटिमीटर, म्हणून खोकं एकोणसत्तर. जगात एवढा नेमका माल कुणी काढला नसेल, असं त्यांचं मत होतं. खोक्याला बाहेरून गुळगुळीत चकचकीत कागद, चारही बाजूंना कारखान्याचं नाव, आणि हात घालायला भोक नाही. "भोक म्हणजे कमकुवतपणा," साहेब म्हणत. हे वाक्य त्यांनी लघुउद्योजक मंडळातल्या आपल्या आगामी भाषणासाठीही राखून ठेवलं होतं. भाषणाचा विषय होता, 'घर बदलताना उद्योजकाने काय शिकावं'. घर बदलायच्या आधीच भाषण अर्धं तयार होतं. उरलेले धडे प्रवासात सुचतील तसे मुलीने फोनमध्ये टिपायचे होते.

"पहिला धडा लिही," साहेब खुर्चीवर चढून म्हणाले. "उद्योजकाने आपला माल आधी आपण वापरावा!"

"लिहिला," मुलगी म्हणाली. "खुर्चीवरून उतरा, ती पण बांधायचीय."

सुरुवात पुस्तकांपासून झाली. साहेबांनी एक 'एकमेव' काठोकाठ पुस्तकांनी भरलं, झाकणावर चिकटपट्टी ओढली आणि दोन्ही हमालांना म्हणाले, "उचला!" हमालांनी वाकून पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि एक जण नम्रपणे म्हणाला, "साहेब, हे खोकं इथेच राहणार का?"

"बाबा," मुलगी म्हणाली. ती भौतिकशास्त्र शिकली होती आणि त्याचा घरात उपयोग होत नाही अशी तिची जुनी तक्रार होती. "यात पाणी भरलं तर सव्वातीनशे लिटर मावेल. पुस्तकं काही पाण्यापेक्षा फार हलकी नसतात."

"मग?"

"मग तुम्ही तीन माणसं एकावर एक बसवून दोघांना उचलायला सांगताय."

शेजारचे निवृत्त मास्तर सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, त्यामुळे त्यांना जायला सांगण्याचाही प्रश्न नव्हता. ते म्हणाले, "तळाला चार पुस्तकं आणि वर उशा. मी तीन बदल्या पाहिल्यात."

हा सल्ला सगळ्यांना पटला आणि त्यातच घात झाला. उशा लवकर संपल्या. मग पुस्तकांवर स्वेटर, त्यावर पंख्याची पाती, त्यावर साहेबांचे बूट असं जे हाताला लागेल ते भरणं सुरू झालं. तासाभरात घरातली प्रत्येक गोष्ट प्रत्येक खोक्यात थोडीथोडी पोचली. मुलीने मोठा काळा पेन काढला आणि खोक्यावर 'पुस्तकं, बूट, पंखा' असं लिहायला वाकली, तसे साहेब जवळजवळ आडवे पडले.

"खोक्यावर लिहायचं नाही!"

"मग कळणार कसं कशात काय आहे?"

"बाईंनी माल कोरा करकरीत बघितला पाहिजे. नव्या घरात गेल्यावर उघडलं की कळेलच!"

"अहो, निदान कपाळावर तरी नाव लिहून ठेवा मग, नाहीतर तुम्हीही हरवाल," आतून बायकोचा आवाज आला. स्वयंपाकघराची बांधाबांध तिने एकटीने अंगावर घेतली होती आणि दार लोटून घेतलं होतं. तिथे साहेबांना मज्जाव होता.

ट्रक भरला तेव्हा तो दिसायला इतका सुंदर दिसत होता, की साहेब रस्त्याच्या पलीकडे जाऊन त्याचे फोटो काढत राहिले. सारखी, चकचकीत, चौरस खोकी, भिंतीसारखी रचलेली. "बघा मास्तर," ते म्हणाले, "शिस्त म्हणतात ती ही!" मास्तरांनी शिस्त बघितली आणि ट्रकवाल्याच्या शेजारी पुढच्या सीटवर जाऊन बसले. नव्या घराचं सामान आपल्या नजरेखाली उतरावं अशी त्यांची इच्छा होती.

नव्या इमारतीच्या दाराशी सेक्रेटरी उभे होते. हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि चेहरा असा की सामान घेऊन येणाऱ्या माणसाविषयी त्यांना पूर्वी फार वाईट अनुभव आला असावा.

"लिफ्टची परवानगी घेतलीय?"

"घेतलीय," साहेब उत्साहाने म्हणाले. "अध्यक्षांकडून."

"तोंडी की लेखी?"

"तोंडी."

"मग माझ्याकडून लेखी घ्या."

लेखी परवानगी घेण्यात काही अडचण नव्हती. अडचण एवढीच होती की तिच्यासाठी लागणारा शिक्का सेक्रेटरींच्या घरी होता, घर सहाव्या मजल्यावर होतं, आणि सामान उतरत असताना लिफ्टमधून जायचं नाही हा नियम सेक्रेटरींनीच केलेला होता. ते नियमाचे पक्के असल्याने जिन्याने गेले. ते परत येईपर्यंत हमालांनी चहा घेतला, मास्तरांनी चौकीदाराला त्याच्या नोकरीविषयी चार सूचना केल्या, आणि साहेबांनी मुलीला तिसरा धडा सांगितला. दुसरा धडा कोणता होता ते कुणालाच आठवेना.

परवानगी आली आणि पहिलं 'एकमेव' लिफ्टच्या दारापर्यंत सरकवत आणलं गेलं. तिथे ते थांबलं.

"फोम!" साहेब ओरडले. "दाराच्या चौकटीला हा फोम कुणी लावला?"

"आम्ही लावला," सेक्रेटरी म्हणाले. "सामान हलवण्याच्या दिवशी चौकट खरचटू नये म्हणून. नियम आहे."

"पण मी मोजलं तेव्हा नव्हता!"

"तेव्हा तुम्ही सामान हलवत नव्हता."

मग अध्यक्षांना फोन, अध्यक्ष बैठकीत, अध्यक्षांच्या बायकोला फोन, त्या म्हणाल्या मला विचारू नका, मी या इमारतीच्या भानगडीत पडत नाही, आणि मग पुढे अर्धा तास सगळी भानगड सांगत बसल्या. अखेर अध्यक्षांचा फोन आला. चौकटीला ओरखडा उठला तर साहेब जबाबदार, या अटीवर फोम काढायला परवानगी मिळाली. तो फोम साहेबांनी स्वतःच्या हाताने सोलून काढला. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर विजयी सेनापतीचं तेज होतं.

"आता! घ्या!"

हमालांनी खोकं रेटलं. खोकं चौकटीला टेकलं आणि पुन्हा थांबलं.

मुलगी गुडघ्यावर बसली, तिने फटीकडे बघितलं, म्हणजे जिथे फट असायला हवी होती तिकडे, आणि मोजपट्टी काढली. "दार सत्तर आहे," ती म्हणाली. "खोकं सत्तरवर चार मिलिमीटर."

"अशक्य! मी एकोणसत्तर काढलंय."

"आतून का बाहेरून?"

पुठ्ठेसाहेबांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू तिने आजोबांविषयी काही भलतंच विचारलं. खोक्याच्या धंद्यात माप आतलंच सांगतात. साहेबांचे वडील आतलंच सांगायचे, ज्यांच्याकडे वडील शिकले तेही आतलंच सांगायचे. गिऱ्हाइकाला आपला माल आत बसवायचा असतो, बाहेर काय आहे त्याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. आणि 'एकमेव' तर खास मजबूत, पाच थरी पुठ्ठ्याचं. दोन्ही बाजूंची जाडी धरली की आगपेटीतल्या दोन काड्या शेजारी शेजारी ठेवाव्यात एवढं ते दाराहून जास्त भरत होतं.

"आडवं करून घाला," मास्तर म्हणाले.

हमालांनी आडवं केलं.

"आता उभं करा."

"काका," मुलगी म्हणाली, आणि तिला हसू आवरेना, "सगळ्या बाजू सारख्याच आहेत. कसंही फिरवा, तेवढंच येणार."

साहेबांचा स्वाभिमान दुखावला. त्यात घड्याळाने अकरा दाखवले. बाई कुठल्याही क्षणी येणार होत्या. "चार मिलिमीटर म्हणजे काय!" ते गरजले. "पुठ्ठा आहे, दगड नाही! मी आत जाऊन ओढतो, तुम्ही बाहेरून रेटा." आणि कुणी काही म्हणायच्या आत ते खोक्यावरून पाय टाकून लिफ्टमध्ये उतरले. उतरता उतरता नव्या घराच्या, म्हणजे सातव्या मजल्याचं बटणही दाबून ठेवलं, म्हणजे नंतर वेळ जायला नको.

बाहेरून दोन हमाल आणि ट्रकवाला, आतून साहेब. एक, दोन, तीन म्हणताच खोकं करकरलं, निम्मं आत गेलं आणि चौकटीत असं बसलं, की जणू इमारत बांधतानाच ते तिथे बसवलं होतं. पुढे येईना, मागे जाईना. बाहेरून ओढावं तर धरायला भोक नाही आणि चकचकीत कागदावरून हात सटकत होते. आतून ढकलावं तर लिफ्टच्या मजबूत भिंतीला पाठ लावूनही साहेबांचाच बूट निसटत होता. लिफ्टचं दार मिटायला आलं, खोक्यावर आपटलं, उघडलं, पुन्हा आलं. आतून एक गोड आवाज म्हणाला, "कृपया दार मोकळं ठेवा."

"कोण बोललं?" सेक्रेटरी म्हणाले.

"लिफ्ट," चौकीदार म्हणाला.

"तिलाही नियम कळतो," सेक्रेटरी म्हणाले.

याच वेळी बाई आल्या. चष्मा, खांद्याला पिशवी, आणि जिथे जातील तिथे न विचारता सगळं बघून घेणारे डोळे. त्यांना दिसलं ते असं: लिफ्टच्या दारात एक खोकं, आणि त्याच्या पलीकडे मांड्यांपर्यंत झाकलेले पुठ्ठेसाहेब, दुकानाच्या गल्ल्यामागे उभे राहावेत तसे. साहेब धंदेवाईक माणूस. त्यांनी दोन्ही हात खोक्यावर टेकले आणि हसून म्हणाले, "या, या! आम्ही सुरुवातच करत होतो."

धाड्‍कन दार खोक्यावर आपटलं.

"कृपया दार मोकळं ठेवा," लिफ्ट म्हणाली.

"हे बघा!" साहेबांना त्यातही संधी दिसली. "केव्हापासून दार आपटतंय, खोक्याला पोचा आलाय का? पाच थर आहेत!"

बाईंनी वाकून पाहिलं. पोचा खरंच आला नव्हता. त्या म्हणाल्या, "पुठ्ठा उत्तम आहे. पण अडकलं का?"

"अडकलं नाही, जरा बसलंय. एकोणसत्तर सेंटिमीटर माप आहे, अगदी नेमकं."

"बाहेरून किती?"

साहेब घुटमळले. "बाई, आमच्या धंद्यात आतलंच माप सांगतात."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पण लिफ्टला तुमच्या खोक्याच्या आत जायचं नाहीये ना?"

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. साहेबांचे दोन्ही हात खोक्यावरून आपोआप खाली आले. मुलीने फोन खिशात ठेवला. तिला बाबांचा हा चेहरा नवीन होता.

"कापावं लागेल," ट्रकवाला म्हणाला आणि कटर पुढे केला. साहेबांनी तो हातात घेतला, पातं बाहेर काढलं, खोक्यावरच्या कारखान्याच्या नावाकडे बघितलं, आणि पातं परत आत घातलं. "माझ्याच्याने नाही होणार," ते हळू आवाजात म्हणाले.

"द्या इकडे," बायको म्हणाली. ती आत्तापर्यंत ट्रकजवळ सामान मोजत होती. तिने कारखान्याच्या नावाच्या बरोबर मधोमध पातं चालवलं, खालपर्यंत. पुठ्ठा उघडला, आणि आतून काही सांडलं नाही.

आत खोकी होती. लहान, साध्या पिवळट पुठ्ठ्याची, एकाला एक लागून बसवलेली. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना हात घालायला भोकं, आणि प्रत्येकावर मोठ्या काळ्या अक्षरांत मजकूर: 'कपबश्या. आधी हे उघडा.' 'तवे. जड नाही, पण आपटू नका.' 'पोटात कावळे ओरडल्यास.'

"ही कुठून आणलीस?" साहेब आतून ओरडले.

"आपल्याच कारखान्यातून. खोकी कापून उरलेले तुकडे तुम्ही रद्दीत घालता ना, त्यातून आपल्या कारागिरांनी करून दिली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, सगळं 'एकमेव'मध्ये भरायचं. भरलं की! खोकी भरू नका असं कुठे म्हणालात?"

बाईंनी एक लहान खोकं बाहेर ओढलं, उलटं करून तळ बघितला, भोकात बोटं घातली. "हे भोक इतकं खाली का?"

"वर पाडलं तर जड वस्तूने कड फाटते," बायको म्हणाली. "आणि आतून कडेला दुमडपट्टी दिलीय, नाहीतर बोटं कापतात. माझी दोनदा कापली, तेव्हा सुचलं."

साहेब काहीतरी महत्त्वाचं बोलायला पुढे झाले. पण फाटकं खोकं हमालांनी रिकामं करून बाजूला केलं होतं, आणि इतका वेळ अडवून ठेवलेल्या लिफ्टला दार मिटायची ही पहिलीच संधी मिळाली होती. तिने ती घेतली. "अहो, थांबवा! बाई, त्या खोक्यात आमचाच पुठ्ठा..." एवढं ऐकू आलं आणि पुठ्ठेसाहेब सातव्या मजल्याकडे रवाना झाले.

सातव्या मजल्यावर दार उघडलं, साहेब बाहेर पडले, आणि लिफ्टचे दिवे विझले. बटण दाबून काही होईना. खाली बाई उभ्या होत्या, वर्षभराची मेहनत उभी होती, मशीन उभं होतं, आणि मालक रिकाम्या मजल्यावर. जिन्यातून आवाज येत होते, पण शब्द कळत नव्हते. बाई निघून तर गेल्या नसतील? साहेबांनी जिना धरला आणि दोन-दोन पायऱ्या उतरू लागले.

पाचव्या मजल्याच्या वळणावर ते जवळजवळ बाईंच्या अंगावर आदळले. बाई जिना चढत होत्या. त्यांच्या दोन्ही हातांत 'कपबश्या. आधी हे उघडा.' होतं.

"अहो बाई! तुम्ही कशाला! द्या इकडे!"

"हात लावू नका," बाई धापा टाकत म्हणाल्या. "मी तपासतेय."

त्यांच्या मागे बायको तवे घेऊन, मुलगी आणखी एक खोकं घेऊन, आणि हमाल दोन्ही हातांत एकेक लटकवून शीळ वाजवत येत होते. सेक्रेटरी शेवटी होते आणि जिन्याने सामान नेण्याचा काही नियम आहे का ते आठवत होते. साहेब उलटे फिरले आणि सगळ्यांच्या पुढे, रिकाम्या हाताने, पुन्हा सातवा मजला चढले. प्रत्येक वळणावर ते मागे बघत आणि बाईंच्या चेहऱ्यावर काही वाचता येतं का पाहत. चेहऱ्यावर फक्त घाम होता.

वर पोचल्यावर बाईंनी खोकं खाली ठेवलं, आणि दोन्ही तळहात उजेडात धरून नीट बघितले. सगळे थांबले. साहेबही वाकून ते तळहात बघू लागले, डॉक्टर बघतो तसे.

"लाल झाले नाहीत," बाई म्हणाल्या. "आमच्या माणसांचे रोज होतात." त्यांनी बायकोकडे बघितलं. "एवढंच माप, पण पुठ्ठा त्या मोठ्या खोक्याचा, पाच थरी. लिहायला कोरी जागा. आणि वर एक मोठं माप, कपड्यांसाठी. पहिली खेप कधी देता?"

"मशीन रिकामंच आहे," बायको म्हणाली. "उद्या कापायला घेऊ."

"माप बाहेरून सांगा. आणि ऑर्डरबद्दल मी यापुढे तुमच्याशीच बोलेन."

पुठ्ठेसाहेबांना एका क्षणात बरंच काही वाटलं. अपमान वाटला, आनंद वाटला, आणि आपल्या घरात आपल्या नकळत एक कारखाना चालू होता याचं आश्चर्य वाटलं. त्या तिन्हींत आनंद सगळ्यांत जोरदार होता. त्यांनी जिन्याच्या कठड्यावरून वाकून खाली हाक मारली, "मास्तर! ऑर्डर मिळाली!" आवाज सातही मजल्यांवर घुमला. खाली कुठल्या तरी मजल्यावर एक दार उघडलं आणि कुणी तरी विचारलं, "कोणाला?"

"बायकोला!" साहेब ओरडले.

मग बायको म्हणाली, "अहो, ट्रक अजून तसाच भरलेला आहे खाली. ती मोठी खोकी वर कशी यायची?"

साहेबांनी हात पुढे केला. "कटर दे."

"तुमच्याच्याने होणार नाही, म्हणालात."

"दे गं!"

तिने दिला. पुठ्ठेसाहेब जिना उतरून ट्रकपाशी गेले, पहिलं 'एकमेव' त्यांनी फुटपाथवर ओढलं, आणि आपल्या कारखान्याच्या नावावरून असं सरळ पातं चालवलं, की चौकीदारही बघायला आला. आतून एक उशी, दोन पुस्तकं, पंख्याचं पातं आणि एकच बूट बाहेर पडला.

"दुसरा कुठेय?" चौकीदाराने विचारलं.

"बघू या ना!" साहेब म्हणाले, आणि बाह्या सरसावून पुढचं खोकं फाडायला घेतलं.